पोलीन फेराँ-प्रेव्हो: दहा वर्षांनी परतली म्हणे!

चाकधर
२५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

भाऊबीजेच्या दिवशी पॅरिसमध्ये पुढच्या वर्षीच्या टूर द फ्रान्सचा मार्ग जाहीर झाला. बायकांच्या टूरमध्ये पहिल्यांदाच मों व्हाँतूचा चढ आहे. ओवाळणी झाल्यावर मी फोनवर तोच नकाशा बघत बसलो होतो. बहिणीने विचारलं, "यंदा कोण जिंकलं होतं?" मी नाव सांगितलं. "ही कोण?" झालं! मी जो सुरू झालो तो पुऱ्या वातड होईपर्यंत थांबलो नाही. शेवटी ती म्हणाली, "दादा, हे सगळं कुठेतरी लिही, पण मला सोड." म्हणून हा धागा.

पोलीन फेराँ-प्रेव्हो. फ्रान्समधल्या रँसची (स्पेलिंग बघून 'राइम्स' म्हणू नये), जन्म १० फेब्रुवारी १९९२. आडनाव लांबलचक, म्हणून सायकलवाले तिला पीएफपी म्हणतात. मीही तेच लिहितो. ३ ऑगस्टला आल्प्समधल्या शातेलला तिने पिवळ्या जर्सीत (एकूण वेळेत जी पुढे असते तिच्या अंगावर ती असते) शेवटचा टप्पाही मारला आणि टूर जिंकली. डेमी व्हॉलरिंग ३ मिनिटं ४२ सेकंदांनी मागे, कासिया न्येव्हियादोमा तिसरी. फ्रान्सच्या पुरुषांपैकी शेवटची टूर जिंकली ती बर्नार इनोने, १९८५ साली. चाळीस वर्षं तिथले लोक दर जुलैला आशेने बसायचे आणि हात हलवत घरी जायचे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. जिंकल्यावर जवळजवळ प्रत्येक बातमीत एक वाक्य होतं: 'दहा वर्षांनी रस्त्यावर परतली.' जणू मधली दहा वर्षं बाई घरी स्वेटर विणत होत्या. हे मला खटकतं.

२०१४ पासून बघू. वय बावीस, राबो-लिव्ह संघ, आणि संघात बायकांच्या सायकलिंगमधली दिग्गज, साक्षात मारियान फोस. त्या एप्रिलमध्ये पीएफपीने बेल्जियमची फ्लेश वालोन जिंकली. तिचा शेवट एका अशा चढावर होतो की तिथल्या लोकांनी त्याला 'भिंत'च नाव दिलंय. उन्हाळ्यात इटलीच्या जिरो या टप्प्यांच्या शर्यतीत फोस पहिली, ही दुसरी. आणि सप्टेंबरात स्पेनमध्ये, पोनफेराडाला, जागतिक अजिंक्यपद.

ती शर्यत मिळाली तर जरूर बघा. शेवटच्या चढावर चौघी निसटल्या: फोस, आर्मिटस्टेड, एमा योहानसन, एलिसा लोंगो बोर्गिनी. एकीपेक्षा एक. पदकं यांच्यातच वाटली जाणार हे नक्की. आणि शेवट जवळ आला तशा चौघी एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. वारा आपल्या अंगावर घ्यायला कुणीच तयार नाही. 'पहले आप' करता करता मागचा घोळका येऊन थडकला. त्या घोळक्यात ही होती. शेवटच्या झेपेत ती पहिली, लिसा ब्रेनाउअर दुसरी. चौघींपैकी फक्त योहानसनच्या हाती काही लागलं, तेही कांस्य.

मग ३१ जानेवारी २०१५, चेक प्रजासत्ताकात ताबोर. सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखल, पायऱ्या, वेळ आली की सायकल खांद्यावर. तिथे सान कांटला शेवटच्या क्षणी हरवून पुन्हा जगज्जेती. सप्टेंबरात अँडोरामध्ये माउंटन बाईकची जगज्जेती. रस्ता, चिखल, डोंगर: तिन्ही किताब एकाच वेळी एकीकडे. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं, पुरुषांनासुद्धा. वय वर्षं तेवीस.

२०१६ चं रिओ मात्र वाईट गेलं. माउंटन बाईकची शर्यत अर्धवट सोडली, रस्त्यावर २६ वी आली. पुढे रस्त्यावरच्या निकालांतून तिचं नाव हळूहळू गळत गेलं.

आता माझं म्हणणं. त्या काळात रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या बाईने करायचं काय होतं? बायकांची टूर १९८४ ते १९८९ पुरुषांच्या बरोबरीने झाली आणि मग गुंडाळली. नंतर वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या माणसांनी ती कशीबशी ओढली, तीही २००९ नंतर बंद. २०१४ मध्ये 'ला कूर्स' नावाची एका दिवसाची शर्यत दिली. पुरुष पॅरिसला पोचायच्या आधी शाँझेलीझेवर फेऱ्या मारा आणि घरी जा. खरी टूर परत आली ती २०२२ मध्ये, मारिओं रूसच्या हाताखाली. माउंटन बाईकमध्ये मात्र बायका त्याच आठवड्यात, त्याच डोंगरावर, त्याच गर्दीसमोर पळतात. शिवाय ऑलिंपिक पदक आहेच. मी तिच्या जागी असतो तर मीही डोंगरावरच गेलो असतो.

आणि तिथे तिने काय केलं बघा. माउंटन बाईकची जगज्जेती २०१५, २०१९, २०२०, २०२२, २०२३. एकट्या २०२२ मध्ये मोठी शर्यत, छोटी शर्यत, मॅरेथॉन आणि त्याच वर्षी सुरू झालेली ग्रॅव्हलची (खडी-मातीच्या रस्त्यांवरची) जागतिक स्पर्धा, चारही तिच्याच. २०२३ मध्ये इनिऑस संघाने इतिहासात पहिल्यांदा बाई घेतली, ती हीच. २८ जुलै २०२४ ला पॅरिसजवळ एलांकूरच्या टेकडीवर ऑलिंपिक सुवर्ण, जवळजवळ तीन मिनिटांच्या फरकाने. मग व्हिस्मा संघाशी करार करून जाहीर सांगितलं, तीन वर्षांत टूर जिंकायचीय. पहिल्याच वर्षी जिंकली.

म्हणून मी म्हणतो, ती परतली वगैरे काही नाही. टूर परतली. ती तयारच होती.

---

खोगीरदुखी
२५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मस्त धागा. पण रूबे कुठाय राव?! यावर्षीचं खरं आश्चर्य माझ्या मते ते आहे.

१२ एप्रिल, पॅरिस-रूबे. पॅरिस फक्त नावात, बायकांची शर्यत देनँहून निघते. दीडशेच्या आसपास किलोमीटर, त्यात सतरा दगडी पट्टे. दगडी म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यानंतर पेव्हर ब्लॉक सुटतात तसे नव्हे. शेतातल्या वाटेवर बसवलेले पावाएवढे दगड, मधे बोटभर फटी. आयुष्यात पहिल्यांदा ही तिथे उतरली. त्याआधीच्या रविवारी फ्लँडर्सच्या शर्यतीत दुसरी आली होती आणि मधल्या दिवसांत आजारी होती. तरी शेवटी एकटी निघाली आणि वेलोड्रोममध्ये (शर्यत संपते तो सायकलचा ट्रॅक) ५८ सेकंद आधी पोचली. रूबेला शेवटचा फ्रेंच विजेता १९९७ चा, फ्रेदेरिक गेदों.

बरं, मागे फोस होती. तिच्याच संघात. अकरा वर्षांपूर्वी ही फोससाठी जिरोत घाम गाळत होती आणि आता फोस मागच्या गटात बसून हिचा पाठलाग होऊ देत नव्हती. असं वर्तुळ पुरं होताना बघायला मिळत नाही.

अवांतर: टूरमध्ये तिने सगळ्यांना मागे टाकलं त्या मादलेनच्या चढाचे आकडे बघितले. १८.६ किमी, सरासरी ८.१ टक्के. सिंहगडाचा घाट आठ-नऊ किलोमीटरचा. तिथे शेवटच्या वळणावर मी दर रविवारी देवाला बोलावतो. हे दोनाहून जास्त सिंहगड, एकावर एक, मधे पिठलं-भाकरी नाही.

---

वैद्यबुवा
२६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

चाकधर, लेख आवडला, पण तुमच्या युक्तिवादात एक मोठं भोक आहे. तुम्ही धमनी गाळलीत.

मी हाडांचा डॉक्टर, रक्तवाहिन्यांचा नाही. पण सायकलवाले पेशंट येतात म्हणून हे वाचून ठेवलंय. या बाईंच्या डाव्या पायाला रक्त नेणाऱ्या धमनीचा त्रास होता. कमरेत वाकून लाखो वेळा मांडी वर-खाली केली की जांघेच्या वरची ती मोठी धमनी दरवेळी दुमडते. काही जणांत तिचं आतलं अस्तर जाड होतं. बसल्या जागी तपासा, नाडी उत्तम. पायऱ्या चढा, काही नाही. पण शर्यतीत जीव तोडून पेडल मारायची वेळ आली की त्या पायाला रक्त पुरत नाही. पाय जड, बधिर, जणू दुसऱ्याचा. थांबलं की पाच मिनिटांत ठीक. त्यामुळे डॉक्टर म्हणतात काही नाही, प्रशिक्षक म्हणतो मनाचं आहे, आणि खेळाडूलाही तसंच वाटायला लागतं. निदानाला वर्षं जातात.

२०१९ च्या सुरुवातीला तिची शस्त्रक्रिया झाली, पुढे पुन्हा एकदा करावी लागली. आणि जागतिक किताबांची यादी बघा: २०१५ नंतर थेट २०१९. मधली तीन वर्षं कोरी. माउंटन बाईकमध्येसुद्धा! टूर नव्हती म्हणून ती डोंगरावर गेली हे अर्धं खरं असेल. पण त्या वर्षांत ती कुठेच नीट जिंकत नव्हती.

योगायोग म्हणजे फोसलाही २०२३ मध्ये याच धमनीची शस्त्रक्रिया करावी लागली.

---

चाकधर
२६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

वैद्यबुवा, मान्य. यादी मीच लिहिली आणि मधलं भगदाड मलाच दिसलं नाही.

तरी एक आहे. शस्त्रक्रियेनंतर पाय बरा झाला तेव्हाही ती पूर्णवेळ रस्त्यावर आली नाही, २०२५ पर्यंत थांबली. त्या उत्तरार्धापुरता तरी माझा मुद्दा राहू द्या.

---

ग्रेनोबलकर
२६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी दर वर्षी एखादा टप्पा बघायला जातो, यंदा मादलेनला होतो. शनिवार, २ ऑगस्ट. रस्ता लवकर बंद करतात म्हणून सकाळीच गाडी खाली ठेवली आणि चालत निघालो. बायको म्हणाली होती छत्री ने. नेली नाही. वर वारा असा की पोळीचा रोल हातातून उडाला.

आधी जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक येते. टोप्या, किचेन, बिस्किटं फेकतात आणि चांगली पन्नाशीची माणसं त्यासाठी गटारात उड्या मारतात. (मला एक ठिपक्यांची टोपी मिळाली. मुलीने ढापली.) मग तासभर शुकशुकाट. मग हेलिकॉप्टर.

ती एकटीच आली. त्याआधी खालच्या भागात मारिओं ब्युनेल या तिच्या संघातल्या तरुण पोरीने पुढच्या गटातून मागे थांबून हिला ओढलं होतं, ते मी नंतर टीव्हीवर बघितलं. माझ्यासमोर ती आली तेव्हा कुणी नव्हतं. टीव्हीवर वाटते त्यापेक्षा लहानखुरी. चढ आठ टक्क्यांचा आणि खांदे हलत नव्हते, फक्त पाय. मागची सारा जिजांट यायला पुढे पावणेदोन मिनिटं लागली. चढावर पावणेदोन मिनिटं म्हणजे काय ते रस्त्याकडेला उभं राहिल्यावर कळतं. लोक ओरडून थांबले, पाणी प्यायले, पुन्हा मान वळवून खाली बघायला लागले, तरी कुणी नाही.

माझ्या शेजारी एक आजोबा होते. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. टोपी काढून हातात धरली, एवढंच.

त्या दिवशी पिवळी जर्सी मॉरिशसच्या किम ल कूरच्या अंगावरून हिच्याकडे आली. ल कूरचंही कौतुक व्हायला हवं, बायकांच्या टूरमध्ये पिवळी जर्सी घालणारी ती पहिली आफ्रिकन.

---

तिरकस
२६ ऑक्टोबर, दुपारी ३:००

आरत्या झाल्या असतील तर प्रसादाचं बोलू.

रूबे ते टूर या साडेतीन महिन्यांत बाईंनी चार किलो वजन उतरवलं. लहानखुरी दिसली ती त्यामुळे. हे तिने स्वतःच सांगितलंय, आणि हे पूर्णपणे आरोग्याचं नाही, वर्षभर असं राहायचं नाही, हेही तिनेच सांगितलंय. त्यानंतर इतर खेळाडू बोलल्या. व्हॉलरिंगनेही आपल्याला असं अति बारीक व्हायचं नाही या अर्थाचं लिहिलं.

गणित सोपं आहे. चढावर वजन उचलायचं असतं, वजन कमी म्हणजे वेग जास्त. पण मग पुढच्या वर्षी व्हाँतूवर जिंकायचं तर बाकीच्यांनीही तेच करायचं का? पुरुषांत ही शर्यत कधीपासून चालू आहे. बायकांचं सायकलिंग आता कुठे पैसे बघतंय, तर हीच घाण आत येणार.

आणि तो माउंटन बाईकमुळे पकड येते वगैरे मुद्दा कुणी मांडायच्या आत सांगतो, शेवटच्या दिवशी जू-प्लान घाटाच्या उतारावर हीच बाई मागे पडली होती.

---

खोगीरदुखी
२६ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

मागे पडली आणि पुन्हा जोडली गेली. आणि मग शेवटचा चढ लागला तेव्हा सगळ्यांना सोडून गेली. अर्धी गोष्ट सांगू नका हो तिरकसराव.

उतारावर अडीच मिनिटांची आघाडी खिशात असताना मी तर सायकलवरून उतरून चालत गेलो असतो. जिवावर उदार व्हायची गरज मागच्यांना होती, तिला नाही.

---

निमिषा_ना
२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

एरवी मी फक्त वाचते. वजनाचा विषय निघाला म्हणून लिहितेय.

माझी मुलगी पंधरा वर्षांची, तीन वर्षांपासून शर्यती खेळते. ऑगस्टमध्ये त्यांच्या सरांनी मादलेनचा व्हिडिओ सगळ्या मुलींना दाखवला. छान. दुसऱ्या दिवशीपासून सरावाच्या आधी वजनकाटा. सगळ्यांसमोर आकडा मोठ्याने वाचायचा. माझी मुलगी आता पोळीवर तूप लावू देत नाही, रात्री 'भूक नाही' म्हणते, आणि दोन महिने पाळी आलेली नाही. सर म्हणाले, खेळाडू मुलींचं असंच असतं, चांगली खूण आहे.

मला त्या फ्रेंच बाईंबद्दल राग नाही. पण तेहतीस वर्षांच्या बाईने, मागे अख्खा संघ आणि आहारतज्ज्ञ घेऊन, काही आठवड्यांसाठी केलेली गोष्ट पंधरा वर्षांच्या पोरीपर्यंत कशी पोचते ते सांगावंसं वाटलं.

---

वैद्यबुवा
२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३५

निमिषाताई, दोन महिने पाळी बंद ही चांगली खूण अजिबात नाही. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर जिथे काटकसर करता येईल तिथे करतं. आधी पाळी थांबते, मग हाडं ठिसूळ होतात. या वयात हाडांची जी भर पडायची ती पडली नाही तर नंतर पडत नाही. माझ्याकडे येणारे ताणाचे फ्रॅक्चर बरेचसे असेच असतात. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्त तपासा, आणि तोवर सराव अर्ध्यावर आणा. वजनकाट्याबद्दल सरांशी बोलणं जमत नसेल तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या. चिठ्ठीला सर घाबरतात.

---

निमिषा_ना
२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

मंगळवारची वेळ घेतली. आभार.

---

जुना_पंच
२६ ऑक्टोबर, रात्री ९:२५

फ्रेंच बायकांच्या सायकलिंगवर एवढा धागा आणि जानी लोंगोचं नाव नाही? लोकहो, आधीची टूर तिनेच जिंकली होती. १९८७, ८८, ८९. पीएफपीच्या मागे बघितलं तर थेट तीच दिसते, छत्तीस वर्षांवर.

आम्ही तिच्याबद्दल ऑलिंपिकच्या निमित्ताने वाचायचो. १९८४ ते २००८, सात ऑलिंपिक! लॉस एंजेलिसला शेवटी धक्का लागून सहावी. १९९२ ला बार्सिलोनात मागच्यांना सोडून दुसरी आली, आणि तिला वाटत होतं आपणच पहिल्या. ऑस्ट्रेलियाची कॅथी वॉट आधीच पुढे निघून गेलीय हे तिला ठाऊकच नव्हतं. तेव्हा कानात रेडिओ नव्हते. सुवर्ण मिळालं ते १९९६ ला अटलांटात, पावसात, सदतिसाव्या वर्षी. आणि बीजिंगला एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत चौथी, तेव्हा पन्नाशीला दोन-अडीच महिने कमी.

डागही आहे, लपवत नाही. १९८७ मध्ये एफेड्रिन सापडलं, महिनाभराची बंदी आणि विक्रम रद्द. पुढेही वाद चिकटत राहिले. फ्रान्समध्ये तिला मान मिळाला, माया कमी मिळाली. ग्रेनोबलकर, त्या आजोबांनी टोपी काढली त्यात हाही हिशेब असेल का?

---

ग्रेनोबलकर
२६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

आजोबांना विचारायचं धाडस झालं नाही. इकडे लोंगोचं नाव काढलं की लोक आधी "हं..." म्हणतात आणि मग बोलतात. पीएफपीच्या बाबतीत तो "हं..." अजून तरी ऐकला नाही.

---

भाऊबीजवाली
२७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

नमस्कार. मी ती बहीण. पुऱ्या वातड झाल्या होत्या हे खरं आहे, साक्ष द्यायला खास खातं उघडलंय.

एक शंका आहे, जी दादाने त्या दिवशी सांगितली नाही. एवढं करून तिला पैसे किती मिळाले?

---

चाकधर
२७ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

आलीस का! पन्नास हजार युरो. रुपयांत पन्नास लाखांच्या आसपास. पुरुष विजेत्याला पाच लाख युरो. त्यांचे टप्पे एकवीस, यांचे नऊ, पण बक्षीस दहापट. त्यातही रिवाज असा की विजेता बक्षिसाची रक्कम संघात वाटून टाकतो. म्हणजे त्या ब्युनेलला, फोसला, मेकॅनिकला सगळ्यांना हिस्सा. खरी कमाई करार आणि जाहिरातींतून.

---

भाऊबीजवाली
२७ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

बरं. आणि दादा, तुझी नवी कार्बनची सायकल कितीची? वहिनीला तू जो आकडा सांगितलायस तो नको.

---

खोगीरदुखी
२७ ऑक्टोबर, सकाळी ११:२६

धागा बंद करा कुणीतरी. पटकन.